अठराने भागताना

चौथीच्या वर्गात अठराचा पाढा कुणालाच येत नाही.
इथे पाढे बाराशी संपतात,
गाव नदीशी संपतं तसे.
पलीकडचा काठ कॅनडाचा.

म्हणून मी सांगते, नेमकं उत्तर शोधत बसू नका.
परवडेल तेवढं काढा.
दहा वेळा जातात? जातात ना, मग दहा घ्या,
उजवीकडे टिपून ठेवा,
आणि उरलंय त्याच्याकडे नव्याने बघा.
कमी घेतलं म्हणून काही बिघडत नाही,
फक्त कागद लांबतो.

आज आन्सेल सिरने स्वतःचं गणित आणलं.
आजोबांच्या पडवीतली फोडलेली लाकडं
त्याने रविवारी हातमोजे घालून मोजली,
दोनदा, कारण पहिल्यांदा कुत्रा मध्ये आला.
अकराशे सत्त्याहत्तर.
शेगडी दिवसाला अठरा खाते.
किती दिवस पुरतील?

बाहेर उणे बावीस.
वर्गातला हीटर खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो.

नोएमी ऊलेटने एका घासात पन्नास घेतले,
नऊशे उडवले, मग पंधरा,
आणि दोन ओळींत मोकळी होऊन
पेन्सिलीला टोक काढत बसली.

आन्सेल दहा घेतो.
मग दहा.
९९७
८१७
६३७
पुन्हा दहा. पन्नासावर त्याचा विश्वास नाही,
दहाचं ओझं त्याला उचलून माहीत आहे.
४५७
२७७
मी मागे उभी. "वीस घे ना रे"
जिभेवर आलं, ते गिळलं.
९७

एवढ्यात घंटा झाली, आणि रोझेर आजोबा त्याला न्यायला दारात,
बुटांवरचा बर्फ झटकत.
कागद बघून म्हणाले, हा भागाकार?
आमच्या वेळी एकाच फटक्यात आकडा सांगावा लागे.
चुकला की खोडायचा, चुकला की खोडायचा,
कागदाला भोक पडेपर्यंत.
आणि तोंडून घरचा एखादा फ्रेंच शब्द निसटला
तर कोपऱ्यात उभं राहायचं, गणित राहू दे.

मग त्यांनी सत्त्याण्णववर बोट ठेवलं,
आणि ओठातल्या ओठात, त्याच घरच्या भाषेत वाचलं:
चार-वीस-दहा-सात.

परत म्हणा, मी म्हटलं.
चार-वीस. दहा. सात.
ते स्वतःच थबकले.
आयुष्यभर तुकड्यांनीच मोजत आलो की मी,
आणि कोपऱ्यात उभा होतो फुकट.

आन्सेलचं लक्ष नव्हतं. तो दोन घेत होता,
दोन घेत होता, एक घेत होता.
खाली सात उरले. उजवीकडची शिडी
त्याने बोटांवर बेरजून सांगितली: पासष्ट.
नोएमीने मान वर न करता म्हटलं, माझेपण.

पासष्ट दिवस, म्हणजे एप्रिलचा मध्य, आजोबा म्हणाले.
नदी तेव्हा कुठे फुटते!
आन्सेलचा चेहरा उतरला तशी
त्यांनी त्याची टोपी कानांवर ओढली.
अठरा हे आजचे, बाळा. मार्चात चौदा लागतील,
एप्रिलात सहा, तेही मांजरासाठी.

ह्याची पद्धत माझ्या पुस्तकात नाही:
भाजक जो रोज थोडा थोडा वितळतो.
मी फळा पुसला. ते सात
आन्सेलने वहीत चौकटीत घातले होते.

नदी फुटली एका मंगळवारी, गणिताच्याच तासाला.
आधी तोफेसारखा आवाज, मग लांबच लांब करकर.
सगळी पोरं खिडकीला चिकटली,
फळ्यावर तेवीसने भागायचं एक गणित अर्धवट लोंबत राहिलं.
बर्फाच्या लाद्या निघाल्या होत्या,
काही खळ्याएवढ्या, काही पाटाएवढ्या,
पुलाच्या खांबांना धडकत, जमेल तेवढ्या.

पडवीत किती उरली, मी विचारलं नाही.
आन्सेल माझ्या शेजारीच उभा होता.
त्याच्या स्वेटरला अजून धुराचा वास होता.