खांद्यावरून

सप्टेंबरपासून आमच्या तळघरातल्या खोलीत
एक बचावपटू राहतो.
कॉर्बिन हालवर्सन, वय एकवीस,
गाव थीफ रिव्हर फॉल्स, मिनेसोटा.
म्हणतो, एका फॉल्सहून आलो ग्लेन्स फॉल्सला,
आणि धबधबा अजून एकही पाहिलेला नाही.

सहा फूट तीन इंच. स्वयंपाकघरात येतो तो
दाराला वाकून नमस्कार केल्यासारखा.
वरचा एक दात खोटा आहे. तो रात्री फ्रिजवर असतो,
हिंगाच्या डबीशेजारी.
एकदा यांनी हिंग म्हणून तीच डबी उघडली.

कॉलेजात हा राजा होता, त्याची आई फोनवर सांगते.
चकती घेऊन निघाला की
सगळा बर्फ एकटा ओलांडून जायचा.
"तिथे दोन सेकंद मिळायचे, काकू,"
तो पोळी भाकरीसारखी मोडत म्हणतो,
"इथे वळतो तोवर कुणीतरी अंगावर आलेला असतो.
आणि तो बत्तीस वर्षांचा असतो.
त्याला दोन मुलं असतात, घराचे हप्ते असतात."

ऑक्टोबरात सहा सामने त्याला खेळवलंच नाही.
सूट घालून वर बसायचं, असा नियम.
यांचा निळा टाय घालून बसला.
त्याच्या गळ्यात तो जेमतेम पोटापर्यंत आला.

म्हातारा पेल्टिए, त्यांचा सहायक कोच,
एकच गोष्ट सांगतो रोज:
कोपऱ्यात चकती आणायला जाशील
तेव्हा पोचायच्या आधी मागे बघ. दोनदा.
कोण येतंय, किती लांब आहे, आधीच ठरव.
पोचल्यावर बघशील तर नुसती काच दिसेल,
तीही फार जवळून.

म्हणून हा आता दूध काढायला फ्रिजकडे जातानाही
डाव्या खांद्यावरून बघतो, मग उजव्या.
मागे मी असते, हातात झारा.

यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं
आणि गाडी माझ्या गळ्यात पडली.
त्रेपन्नाव्या वर्षी दोनदा नापास.
परीक्षक बाईंनी दोन्ही वेळा तेच लिहिलं:
खांद्यावरून बघत नाही.
आरशात बघते की, मी म्हटलं.
आरशात सगळंच दिसत नाही, ती म्हणाली,
आणि पेनाचं टोपण लावलं.

मग रविवारी सकाळी, सुपरमार्केटच्या रिकाम्या आवारात
कॉर्बिन माझ्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन.
"काकू, खांदा!"
हा शब्द त्याला मीच शिकवला होता,
बाम चोळताना.

नोव्हेंबरात त्याने आम्हाला दोन तिकिटं दिली.
मला खेळातलं कळत नाही, मी फक्त चव्वेचाळीस नंबर बघते.
चकती कोपऱ्यात गेली, तो मागे धावला,
आणि मला त्याची मान दिसली. एकदा. पुन्हा एकदा.
मग त्याने काहीच मोठं केलं नाही.
चकती दहा फुटांवरच्या जोडीदाराला दिली,
आणि बाजूला सरला.
दोन धिप्पाड माणसं येऊन आदळली
ती रिकाम्या काचेवर.
टाळी एकानेही वाजवली नाही.
मी वाजवली, तर पुढच्या रांगेतला माणूस
खांद्यावरून बघायला लागला.

शेवटच्या भागात मात्र कुणीतरी त्याला
बाहेरून वळसा घालून गेलं,
आणि गोल झाला तो त्याच्यामुळेच.
घरी येऊन तीन वाट्या आमटी प्यायला, बोलला नाही.
यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
विचारू नये एवढं आम्हालाही कळतं.

आज मंगळवार. तो बसमध्ये आहे, मेनच्या वाटेवर.
तुला वर बोलावलं तर खोली ठेवू का,
विचारलं होतं मी. हसला. खोटा दात नव्हता.
"आधी खाली तर टिकू दे."

माझ्या शेजारी तीच परीक्षक बाई, तेच पेन.
रस्त्याच्या कडेला काल रात्रीचा बर्फ, मळकट.
इंडिकेटर टिकटिकतोय.
आरसा. मग मान वळवते, पूर्ण,
कानामागची शीर ताणेपर्यंत.
पेपरमिलचा ट्रक येतोय, लाकडं भरून.
अजून लांब आहे.
येऊ दे.
मला दिसलाय.