तिसरं रीळ

पुण्यात तो सिनेमा चौथ्या दिवशी उतरला.
हर्णैच्या तंबूत आला तेव्हा
तिसरं रीळ नव्हतंच.
खाऱ्या हवेनं खाल्लं, म्हणायचा मुराद साखरकर.
त्यामुळे नायिका दारात कंदील घेऊन उभी,
आणि लगेच पांढऱ्या लुगड्यात.

मधलं आम्ही भरलं.
धाकू चोगलेच्या मते तो बुडाला.
द्वारकी म्हणायची, बुडतोय कसला, पळाला मेला!
लिलावात सुरमईचा भाव अडला
की कुणीतरी खलनायकाच्या घोगऱ्या आवाजात:
"दार उघड, भरती आलीय!"
अख्खं बंदर हसायचं,
बर्फवालासुद्धा.

परवा नातवानं मोबाईलवर
सबंध सिनेमा दाखवला.
नायक तापानं मरतो. खाटेवर.
शेजारी औषधाची बाटली.

द्वारकीनं शेवटपर्यंत पाहिला,
ओले हात पदराला पुसून
मोबाईल परत दिला.
"ह्यो तो नव्हं."