चार स्क्रू

हातोडी उलटी धर, दांड्याने ठोक,
लाउरी म्हणाला, आणि कान दे.
टण्. टण्. टण्. इथवर ठीक.
मग मागच्या फळीवर, इंजिनाच्या बोल्टांपासून वीतभर वर:
थप्प.
भिजल्या गोणीवर हात पडावा तसं.

बाहेरून 'टिरिक'मध्ये अजून तोंड दिसतं.
बाबा दर एप्रिलला मेण लावायचे.
फायबर कुजत नाही,
बोट आणली तेव्हा अख्ख्या बर्रा बेटाला सांगून झालं होतं.
आत प्लायवूड आहे
हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

ग्राइंडर. पांढरी धूळ, मास्क, मनगटांना खाज.
कातडं सुटलं तसं चहाच्या रंगाचं पाणी आलं,
काही घाई नसलेलं,
आणि वास, विसरलेल्या बटाट्यांचा.
लाकूड खरवडायला पटाशी घेतली होती.
चमचा पुरला.
दोन बादल्या. तिसरी भरताना तीन वाजले,
डिसेंबर, म्हणजे अंधार.

पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं तर
उलटं जावं लागतं, काळ्या रेघेवरून बोट फिरवत.
रेघ वर गेली, कोपऱ्यात वळली
आणि थांबली गळ टेकवायच्या कडीपाशी.
चार स्क्रू. एक तिरपा.

तिरपा माझा.
तीनही माझेच, पण तो जास्त.
नऊ वर्षांची मी, बाबा दुपारचे झोपलेले,
उठल्यावर चकित व्हावेत म्हणून एकटीने बसवलेली कडी.
सीलंट हा शब्द तेव्हा माझ्याकडे नव्हता.
ते उठले, कडी हलवून पाहिली,
म्हणाले, भक्कम आहे,
आणि एकतीस वर्षं तिथेच गळ ठेवला.

लाउरी बादली उचलता उचलता म्हणाला,
मी सांगितलं होतं मॅन्सीला, काढ ती, पाणी जाईल आत.
पहिल्याच वर्षी सांगितलं.
मग?
मग काय. मेण लावत बसला.

जानेवारी सगळा त्यात गेला: नवी फळी, घासलेल्या कडा,
हीटरशेजारी ठेवलं की मधासारखं ओघळणारं इपॉक्सी,
काचेच्या कापडाचे थर, एकही बुडबुडा राहू नये म्हणून
बोटांना मुंग्या येईपर्यंत रोलर.

शेवटी कडी. आता कशाला, लाउरी म्हणाला,
तू कुठे मासे धरतेस.
मी भोकं पाडली, हवी त्याच्या दुप्पट,
इपॉक्सीने बुजवली, रात्रभर सुकू दिली,
सकाळी त्यांच्या मधोमध
पुन्हा पाडली, बारीक.
चौथा स्क्रू आवळताना
हात जरा कलता धरला.