ताप

इंडोनेशियातल्या त्या डोंगरावर
वाटाड्या म्हणाला होता, थांबू नका, बुटांचे सोल वितळतात.
गंधकानं घसा सोलून निघाला, तरी मी काठावरून वाकलो.
खाली तांबडं काहीतरी श्वास घेत होतं.
फोटो काढायचा राहिला.

आज हरिहर. निरगुडपाड्याकडून.
उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या,
प्रत्येकीत बोटं अडकवायला खोबण,
कुणाकुणाच्या घामानं गुळगुळीत झालेली.

वर ठकूबाई मेंगाळ सरबत विकते.
पाण्याचा हंडा पहाटेच चढवलेला.
लिंबं चिरता चिरता माझी सगळी हकिकत ऐकली,
मग विचारलं, "लई तापत व्हतं का तिकडं?"

म्हटलं, हेही तसंच होतं, मावशी.
ही पायरी, हा कडा, तो समोरचा ब्रह्मगिरी,
सगळं वाहत आलेलं, थरावर थर,
माणूस जन्मायच्या कितीतरी आधी.

सुरी बाजूला ठेवून
तिनं कातळावर पालथा हात टेकला,
पोराचं कपाळ बघावं तसा.
"उतरलाय आता," म्हणाली.
"वीस रुपये झाले."

उतरताना तोंड कड्याकडेच ठेवावं लागतं.
अर्ध्यात पाय लटपटले,
कपाळ दगडाला टेकून जरा थांबलो.

गरम लागला.
दुपारचं ऊन असेल.