कर्ता गाळता येतो

सरोवराकाठची आमची शाळा, आठवी ब,
बुधवारचा तिसरा तास.
मी फळ्यावर लिहितो : बिबट्याने बकरी मारली.
आता बकरीला उचलून पुढे आणा,
बिबट्याला ढकला मागे, 'कडून' लावून.
बकरी बिबट्याकडून मारली गेली.
बाकांवरून एकच सूर : गेली, गेली, गेली.

आणि हो, सांगायचं राहिलं,
कर्ता माहीत नसेल, किंवा सांगायची गरज नसेल,
तर गाळला तरी चालतो. मार्क कापत नाहीत.

आवुओर वहीत काहीच लिहीत नाही.
तिची आई धक्क्यावर ओमेना सुकवते,
बोटाएवढे चंदेरी मासे, जुन्या जाळ्यावर पसरून.
तिथल्या आंब्याच्या खोडाला डकवलेला कागद
पोरीने तोंडपाठ केलाय :
टपऱ्या हटवल्या जातील; सामान जप्त केले जाईल;
तक्रारी स्वीकारल्या जाणार नाहीत.
"सर, तिन्ही वाक्यं परत सरळ करून पाहिली.
सुरुवातीला कोणाला बसवू?"

कचेरीतही जाऊन आली म्हणे, गणवेशातच.
पहिल्या टेबलावर कळलं : हुकूम वरून आलाय.
दुसऱ्यावर : फाईल पुढे पाठवली गेली आहे.
तिसऱ्यावर नुसताच पंखा.
निदान तो स्वतः फिरत होता.

वर्ग हसला. मीही हसलो असेन.
खडू मोडला.
म्हणजे, मी मोडला.

गेल्या महिन्यात ओगुटूसाहेबांनी चहाला बोलावलं होतं.
मास्तर, तुमचं इंग्रजी चांगलं,
एवढं जरा नीट करून द्या.
मूळ मसुद्यात होतं : आम्ही टपऱ्या पाडणार.
मी 'आम्ही' खोडलं.
सरकारी कागदाला शोभत नाही, म्हणालो.
दोन कप चहा आणि एक गरम मंदाझी.

शुक्रवारी वह्या आल्या.
आवुओरचं एकच वाक्य, ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये :
त्या कागदाचं इंग्रजी ओडुंडो सरांनी लिहिलं.
खाली, बारीक अक्षरात :
अर्धविराम तुमचाच आहे, सर.
इथे दुसरं कोणी तो वापरत नाही.

कर्ता जागेवर. काळ बरोबर. शेवटी पूर्णविराम.
काय कापू?

लाल पेनाचं टोपण काढून बसलोय केव्हाचा.
खिडकीबाहेर धक्क्यावर जाळी गुंडाळली जातायत.

नाही.
बायका गुंडाळतायत.