आकडा

दारावर माझं नाव आधी अरबीत, मग इंग्रजीत.
'बुगड'मधला ग अरबीला नाही, ड इंग्रजीला नाही.
पेशंट म्हणतात, दुकतूरा.
तेवढं पुरतं.

सोहारच्या या इस्पितळात
मी हृदयाची वायरमन.
झडपा, नळ्या, चरबी शेजारच्या खोलीत.
माझ्याकडे ठोका येतो,
आणि ठोक्याचं न येणं.

शिकले मिरजेला, पुण्याला, दोन वर्षं लीड्सला,
पण कुणी विचारलंच तर सांगते:
इचलकरंजीत, पत्र्याखाली, सोळा मागांशेजारी.
आई कांड्या भरायची. बाप जॉबर.
सोळांतला एक अडखळला
की त्याचा घास हातातच थांबायचा.
"अकरावा," म्हणायचा, आणि उठायचा.
मागाला आधी तळहात लावायचा,
पाना नंतर.

म्हणून मी कागदाआधी मनगट धरते.
शिकाऊ डॉक्टर घड्याळ बघतात.
खलफान नावाचा म्हातारा कोळी म्हणाला होता,
होडीच्या तळाशी टाकलेली सुरमई
मेली मेली वाटते अन् एकदम उलटते ना, तसं.
केसपेपरवर मी तेच लिहिलं.
आजाराचं नाव त्याच्या खाली.

रफिकुल जुलैत आला.
लिवाकडच्या बागेत खजूर उतरवताना
झाडावरच डोळे फिरले.
कमरेच्या दोराने धरून ठेवलं, नाहीतर.
सोबत मालकाचा फॉर्म:
काम करण्यास योग्य, अयोग्य;
नको त्या शब्दावर काट मारा.
"पहिल्यांदाच झालं का?"
"पहिल्यांदाच."
मनगट माझ्या हातात होतं.
मी पुन्हा विचारलं नाही.
त्याच्या गावचे ताड विचारले,
इथल्या झाडांपेक्षा उंच का?
उंच, म्हणाला. कितीतरी.
आणि मग बोलला:
सातव्या वर्षापासून होतंय.
एकदा वीटभट्टीवर, एकदा स्वतःच्या लग्नात.
बायकोला सांगितलं, उपास होता.
इथे सांगितलं असतं
तर त्याच आठवड्यात विमानात बसवलं असतं.

पडद्यावर सापडला.
जन्मतःच कुणीतरी टाकून ठेवलेला आकडा,
मीटर चुकवून, मेन लाइनवरून,
केसाएवढी जास्तीची वायर.
आमच्या गल्लीत अर्धी घरं अशीच उजळायची.
लाइनमन दिवसा आकडे काढायचा,
अंधार पडला की पुन्हा पडायचे.
म्हणून जाळून झाल्यावर
मी हातमोजे काढत नाही.
वीस मिनिटं बसून राहते,
परत येतो का बघत.

मग ते औषध,
ज्याने ठोका मुद्दाम थांबवून बघायचा.
नर्सकडून शिकलेली दोन बंगाली वाक्यं त्याला आधीच सांगितली:
वाईट वाटेल. मी इथेच आहे.

रेघ सपाट.
एक. दोन. तीन.
मागांच्या गावात माणसं आवाजाने जागी होत नाहीत.
लाइट जाते,
सगळे माग एकदम गप्प होतात,
आणि अख्खी आळी टक्क उठून बसते,
तान्ही पोरंसुद्धा.
चार.
रफिकुलने माझ्याकडे बघितलं,
झाडावरून खाली बघावं तसं.
पाच.
मग एक ठोका. बऱ्याच वेळाने दुसरा.
मग रांगेने, सरळ, मेन लाइनवरून.

मी 'अयोग्य'वर काट मारली.
शाई कागदापलीकडे उमटली.
तरी मालक त्याला झाडावर चढवत नाही.
खाली पाणी सोडायला ठेवलाय,
महिना तीस रियाल कमी.
दोनदा फोन केला मी. "दुकतूरा,
कागद तुमचा, झाड माझं."

शुक्रवारी बापाशी बोलते.
माग भंगारात गेले त्याला अकरा वर्षं झाली.
"झोप लागत नाही गं," म्हणतो,
"गल्ली बंद पडल्यासारखी वाटते."
मग विचारतो,
"या आठवड्यात किती दुरुस्त केलेस?"
मी आकडा सांगते.
रफिकुलला त्यात धरायचं की नाही
इथे दर वेळी जरा अडखळते,
आणि तिकडे
त्याचा घास थांबतो.