सहाशे झ्लॉटींत रेशीम

कॉफीच्या डब्यात सहाशे झ्लॉटी,
ट्रॅमच्या तिकिटांची चिल्लर वेगळी.
आईनं डबाच पिशवीत घातला
आणि आम्ही निघालो,
वुच शहराच्या त्या गल्लीत
जिथं तळघरात कायेतान जुने-नवे स्पीकर विकतो.

आधीच सांगून ठेवते: माझ्या आईला, गेनोवेफाला,
वरचे सूर ऐकू येत नाहीत.
एकतीस वर्षं ती मागांच्या खात्यात होती.
लोक गाण्याला कान देतात,
तिनं गिरणीला दिले,
आणि गिरणी बंद झाली तेव्हा
कुणी ते परत केले नाहीत.
चिमण्या तिच्यासाठी नुसत्या चोची उघडतात.
किटलीची शिट्टी ती झाकणाच्या थरथरीवरून ओळखते.

तरी हट्ट, की रेडिओ नको, दोन हवेत,
एक इकडे, एक तिकडे,
"मध्ये मी बसणार."

कायेतान भला माणूस. पहिली जोडी तीनशे ऐंशीची.
आवाज डब्यातून आल्यासारखा.
आई म्हणाली, डबा माझ्याकडे आहे.
दुसरी साडेपाचशेची, काळी, चकचकीत;
ढोल तेवढा पुढे, बाकीचे सगळे भिंतीला चिकटून,
जसे पाहुणे गप्प जेवताहेत
आणि एकटा आचारीच बोलतोय.
मग त्यानं, नुसतं ऐका म्हणून, तिसरी लावली.
अक्रोडाचं लाकूड, दोन जाड शब्दकोशांएवढी रुंदी,
नऊशे वीस.

किंमत वाचून मी कोटाची बटणं लावायला लागले.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण आम्ही पाय पोटाशी घेऊनच झोपणारी माणसं.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला.
दोन्ही स्पीकरांच्या मधोमध,
जिथं एक मोडकी खुर्ची होती, बाकी काही नव्हतं,
तिथं उभी राहून ती गात होती.
आई त्या खुर्चीकडे बघत राहिली,
ट्रॅममध्ये कुणाला जागा द्यावी
तशी जराशी सरकलीसुद्धा.

"वरचा हा छोटा घुमट दिसतोय ना,"
जाळी काढत कायेतान म्हणाला, "हा रेशमाचा."

रेशमाचा.
तो शब्द उच्चारायला नको होता त्यानं.
माझी आई कापड डोळ्यांनी पाहत नाही.
तो "हात नका" म्हणेपर्यंत
तिचं बोट पोचलं होतं.
एवढासाही आवाज झाला नाही.
घुमटाला खळी पडली,
लहान मुलाच्या गालाला पडते तशी.

कायेतान पांढरा पडला. मी लाल.
आई तेवढी आपल्या रंगात:
"वीण घट्ट आहे. पण वरून खळ लावलीय.
रेशमाला कुणी खळ लावतं का?"

त्यानं चिकटपट्टी लावून ओढून पाहिलं,
नळीनं हवा खेचून पाहिली.
खळी अर्धी भरली, अर्धी राहिली.
"आता वरचे सूर जरासे..."
"ते माझ्या वाटणीचे नव्हतेच," आई म्हणाली
आणि काउंटरवर डबा उपडा केला.
कायेताननं नोटा मोजल्या,
दोनदा.
मग स्वतःच वायर कापून दिली, फुकट.

आता ते फळीवर आहेत.
नमुन्यांच्या जाड वह्या पलंगाखाली गेल्या.
मी कान देऊन ऐकते:
डावीकडे, व्हायोलिन चढतं तिथं,
एक बारीक कुरकुर,
पडद्यात माशी अडकावी तशी.
आई मधोमध बसते, डोळे मिटून,
आणि समोरच्या मोकळ्या भिंतीला
मान डोलावते.

परवा मी विचारलंच.
एकतीस वर्षं तुटलेला धागा
तू न बघता गाठलास, धावत्या मागावर,
आणि रेशमावर किती जोर द्यायचा
तेवढं तुला कळलं नाही?

"काय?" आई म्हणाली,
"मोठ्यानं बोल गं.
मला ऐकू येत नाही."